आधी गोळा, मग अक्षर

जूनमध्ये ज्युनियर केजीचे वर्ग सुरू होतात आणि महिनाभरातच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरावीक तक्रारी फिरू लागतात. मूल लिहायला कंटाळते, पेन्सिल मुठीत धरते, दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणते. मग पेन्सिलीला रबरी ग्रिप लावली जाते, सुलेखनाच्या क्लासची चौकशी होते आणि गृहपाठाच्या वेळी घरात रडारड सुरू होते. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा वहीत नसते, हातात असते. बोटांत जोर येण्याआधी आणि दोन्ही हातांचा मेळ बसण्याआधीच त्या हाताकडे अक्षर मागितलेले असते.

हा जोर आणि हा मेळ अंगी येण्यासाठी महागडे साधन लागत नाही. ओल्या मातीचा एक गोळा पुरतो. बालशिक्षणाला हे नवीन नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, त्यांच्या पद्धतीत मातीकाम होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून शिकवण्यावर भर दिला. तीन ते आठ या वयोगटासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळ आणि हाताने करण्याच्या गोष्टींना मोठे स्थान आहे. तरीही अनेक घरांत आणि शाळांत माती म्हणजे ‘कपडे खराब करणारा टाइमपास’ एवढीच तिची ओळख उरली आहे. गणपतीच्या आधी एखादी कार्यशाळा होते, तीही बहुधा साच्यातून मूर्ती काढण्याची.

हात तयार व्हायला वेळ लागतो

मोठ्या माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात. त्यातली आठ छोटी हाडे मनगटात असतात. जन्माच्या वेळी मनगटाची ही हाडे कूर्चेच्या रूपात असतात आणि क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत त्यातली दोन हाडे घट्ट होऊ लागतात, आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड साधारण नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान दिसू लागते. मुलाच्या हाडांचे वय पाहण्यासाठी डॉक्टर हाताचाच एक्स-रे काढतात, ते यामुळेच.

अर्थात लिहिण्यासाठी नुसती हाडे पुरत नाहीत. तळहातातल्या बारीक स्नायूंना बळ लागते. अंगठा इतर बोटांसमोर येऊन टिकून राहावा लागतो. मनगट स्थिर राहून बोटे हलावी लागतात. शिवाय हात किती जोराने दाबतो आहे, याची खबर मेंदूला सतत मिळावी लागते. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचा एक प्रसिद्ध नकाशा मांडला. त्यात हात, बोटे, ओठ आणि जीभ यांनी भलीमोठी जागा व्यापलेली दिसते, तर पाठीच्या वाट्याला अगदी थोडी जागा येते. बोटांकडून येणारी माहिती मेंदूच्या लेखी किती महत्त्वाची आहे, हे त्यावरून कळते.

माती मळताना नेमकी हीच यंत्रणा कामाला लागते. गोळा दाबला की तो उलटा रेटा देतो. जास्त दाबला तर चपटा होतो, कमी दाबला तर काहीच होत नाही. चूक कुठे झाली, हे कोणी सांगावे लागत नाही, माती स्वतःच दाखवते. शिवाय हे काम एका हाताने होत नाही. एक हात गोळा धरतो, दुसरा आकार देतो. पुढे वही धरून लिहिताना, कागद फिरवत कात्रीने कापताना आणि शर्टाचे बटण लावताना हीच कामाची वाटणी उपयोगी पडते.

मातीने बुद्ध्यांक वाढतो किंवा मूल लवकर वाचू लागते, असे दावे काही जाहिराती करतात. त्यांच्या नादी लागू नये. हाताला भरपूर आणि वेगवेगळे काम मिळते, डोळा आणि हात एकत्र चालतात आणि मुलाचे लक्ष एका गोष्टीवर टिकते. एवढा फायदाही कमी नाही.

माती अशी का वागते?

वाळूचा गोळा वाळला की ढासळतो, मातीचा टिकतो. यामागे कणांचा आकार आहे. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून बारीक. शिवाय ते वाळूसारखे गोलसर नसून चपटे, पत्त्यांच्या पानांसारखे असतात. दोन पानांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की ती एकमेकांवरून सरकतात, पण सुटी होत नाहीत. म्हणून ओली माती दाबू तशी वळते आणि सोडली की तशीच राहते. पाणी उडून गेले की पाने जवळ येतात आणि वस्तू आकसते. पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागे राहतो. या ओढाताणीत तडा जातो. बैलाचे पाय किंवा हत्तीची सोंड दुसऱ्या दिवशी तुटून पडते, त्यात मुलाचा दोष नसतो.

सगळ्या माती सारख्या नसतात. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी भरपूर शोषून फुगणारे खनिज असते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच या मातीच्या वस्तूलाही पडतात. कुंभार मातीत वाळू, राख किंवा लीद मिसळतात, ती ही आकसण्याची ओढ कमी करण्यासाठी. मुलांसाठी शाडूची माती किंवा कुंभाराकडून आणलेली गाळलेली माती सोयीची. वस्तू भाजायची नसेल, तर दोन्ही माती वाळल्यावर फोडून, भिजवून पुन्हा वापरता येतात.

माती तयार झाली का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी. बोटाला चिकटली तर जुन्या सुती कापडावर थोडा वेळ पसरून ठेवावी. कणीक भिजवणाऱ्या कोणत्याही हाताला हा अंदाज दोन दिवसांत येतो.

वयाप्रमाणे अपेक्षा

दीड ते तीन वर्षांचे मूल मातीत बोट खुपसते, तुकडे तोडते, थापट्या मारते. त्यातून वस्तू तयार होत नाही आणि व्हायलाही नको. या वयात सगळे तोंडात जाते, म्हणून मातीऐवजी घरची कणीक द्यावी आणि मोठ्यांनी शेजारी बसावे.

तीन ते चार या वयात गोळे आणि वळ्या जमू लागतात. मूल आधी करते आणि नाव नंतर देते. वळी लांब झाली की ती ‘साप’ होते, वाकली की ‘बांगडी’. हे नाव देणे म्हणजे एका वस्तूत दुसरी वस्तू पाहणे, आणि विचारांच्या वाढीतला हा मोठा टप्पा आहे. चार ते पाच या वयात मूल आधी ठरवते, मग करते. माणूस म्हणजे एक मोठा गोळा, त्यावर छोटा गोळा आणि चार काड्या, असा हिशेब असतो. पाच ते सात या वयात वस्तू उभी राहावी, बैलाला शेपूट असावी, टोपलीत फळे असावीत, असा आग्रह सुरू होतो. तंत्र शिकवण्याची खरी वेळ हीच, कारण आता मुलाला तंत्राची गरज भासते.

ही वये ठोकताळ्यापुरती आहेत. आजवर मातीला हातच न लावलेले सहा वर्षांचे मूलही सुरुवातीला बोटेच खुपसेल. त्याला तेवढी सवड द्यावी.

सहा मूळ कृती

लहान मुलाला वस्तू शिकवू नयेत, कृती शिकवाव्यात. सहा कृती हाताला आल्या की शंभर वस्तू करता येतात. आठवड्याला एक कृती पुरे.

पहिली कृती गोळ्याची. लाडू वळतात तशी माती दोन तळव्यांत गोल फिरवायची. सुरुवातीला मूल दोन्ही हात पुढे-मागे नेते आणि गोळ्याऐवजी लांबट तुकडा होतो. गोल फिरवण्यासाठी एक तळवा स्थिर ठेवून दुसरा वर्तुळात फिरवावा लागतो. तो मेळ बसायला काही दिवस लागतात.

दुसरी वळीची. पाटावर गोळा ठेवून बोटे पसरून हलक्या हाताने पुढे-मागे लाटायचे. तळव्याने जोर दिला की वळी मध्येच तुटते. बोटांच्या पेरांनी, मधून कडेला सरकत लाटले की ती एकसारखी होते. वळीची साप, गोगलगाय, जिलेबी होते. एकावर एक वळ्या रचल्या की भांडे होते. चाक येण्याच्या आधीपासून माणूस अशीच भांडी करत आला आहे.

तिसरी थापण्याची. गोळा भाकरीसारखा थापायचा किंवा लाटण्याने लाटायचा. सगळीकडे सारखी जाडी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पट्टी ठेवली की लाटणे त्यावरून चालते. या थापीवर पानाच्या शिरा, बाटलीचे झाकण, कंगवा यांचे ठसे उमटवता येतात.

चौथी चिमटीची. गोळ्यात अंगठा खुपसायचा, तळ शाबूत ठेवायचा आणि गोळा फिरवत अंगठा व बोटांच्या चिमटीत कड पातळ करत जायची. वाटी होते, पणती होते. उकडीच्या मोदकाची पारी करताना आई, आजी हेच करते. पेन्सिल धरताना अंगठ्याची जी पकड लागते, तिचा याहून चांगला सराव क्वचितच मिळतो.

पाचवी ओढून काढण्याची. अवयव वेगळा करून चिकटवण्याऐवजी गोळ्यातूनच चिमटीने बाहेर ओढायचा. पक्ष्याची चोच, उंदराचे कान, कासवाचे पाय असे काढले की ते गळून पडत नाहीत.

सहावी जोडणीची. मुलांची सर्वांत जास्त निराशा इथेच होते. दोन तुकडे नुसते एकमेकांवर ठेवले की वाळल्यावर सुटतात. दोन्ही तुकड्यांवर काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, मध्ये मातीचा दह्यासारखा लगदा लावावा, दाबून बसवावे आणि सांधा बोटाने पुसून एकजीव करावा. कोरडा तुकडा ओल्याला जोडू नये, दोन्ही सारखे ओले हवेत.

या कृतींना आपल्याकडे घरचा आधार आहे. गव्हले, मालत्या, नखुल्या करणाऱ्या बायका हातावर जे बारीक काम करतात, ते वळी आणि चिमटीचेच. दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे होतात. आजी घरात असेल, तर मुलाला शिकवायला वेगळा शिक्षक शोधायची गरज नाही.

पोळ्याचा बैल, एक तासात

बेंदूर असो वा पोळा, मातीचे बैल पुजण्याची रीत राज्यात ठिकठिकाणी आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सगळ्या कृती एकत्र वापरण्यासाठी बैल हा चांगला विषय आहे. मुलाच्या दोन्ही मुठींत मावेल एवढी माती घ्यावी. आधी गोळा, मग तो लांबट करून अंड्यासारखा आकार. त्याच्या पोटाखालून चार कोपऱ्यांतून चिमटीने आखूड, जाड पाय ओढायचे आणि पाटावर टेकवून पाहायचे. बैल डुलत असेल तर हलकेच खाली दाबायचा. पाठीवर चिमटीने वशिंड उचलायचे. पुढून मान आणि तोंड ओढायचे. शिंगे आणि शेपूट यांच्या छोट्या वळ्या रेघा मारून, लगदा लावून जोडायच्या. शेपूट हवेत लोंबती न ठेवता पाठीमागे अंगाला चिकटवली की टिकते. डोळ्यांसाठी काडीची दोन टोके पुरतात.

वाळवताना उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नये. सावलीत, पहिल्या दिवशी वरून सुती कापड टाकून ठेवावे. सावकाश वाळले की जाड आणि पातळ भाग जवळपास एकाच वेगाने आकसतात. एवढे करूनही शिंग मोडले, तर दुरुस्ती किंवा नवा बैल हा निर्णय मुलावर सोडावा.

एक गोळा आणि मुलाचे तर्कशास्त्र

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांचा विचार समजून घेण्यासाठी मातीचा गोळा वापरला. मुलासमोर दोन सारखे गोळे ठेवायचे. दोन्हींत सारखी माती आहे, हे त्याने मान्य केले की त्यातल्या एकाची लांब वळी करायची आणि विचारायचे, ‘आता कशात जास्त माती आहे?’ चार-पाच वर्षांचे मूल बहुधा वळीकडे बोट दाखवते, कारण ती लांब दिसते. साधारण सात-आठ वर्षांचे मूल म्हणते, ‘सारखीच की, काढली कुठे आपण?’ काहीही वाढवले किंवा काढले नाही, तर वस्तू तेवढीच राहते, ही समज हळूहळू येते.

घरी हा खेळ जरूर करावा, पण परीक्षा म्हणून करू नये. लहान मुलाने ‘चूक’ उत्तर दिले, तर दुरुस्त करायची घाई नको. त्यालाच वळीचा पुन्हा गोळा करू द्यावा. माती आकार बदलते आणि परत येते, हा अनुभव पुढे बेरीज-वजाबाकी समजताना उपयोगी पडतो.

मोठ्यांनी हात आवरावा

मातीकाम शिकवताना सर्वांत अवघड भाग मोठ्यांच्या वाट्याला येतो. मुलाचा वेडावाकडा हत्ती पाहून हात शिवशिवतात. ‘थांब, मी नीट करून देते’ म्हणत आई सोंड सुधारते, बाबा कान लावतात. हत्ती सुंदर होतो आणि मूल बाजूला होते. पुढच्या वेळी ते स्वतःहून म्हणते, ‘तूच करून दे.’

बालवाडीतल्या अनुभवी ताई वेगळी युक्ती वापरतात. त्या मुलाच्या मातीला हात लावत नाहीत, स्वतःचा वेगळा गोळा घेऊन शेजारी बसतात. कृती करून दाखवतात आणि आपला नमुना मोडून टाकतात, म्हणजे मुले त्याची नक्कल करत बसत नाहीत. ‘हे काय केलंस?’ या प्रश्नापेक्षा ‘याच्याबद्दल सांग ना’ असे म्हटले की मूल बोलते. ‘वा, छान!’ एवढ्यावर न थांबता ‘पाय जाड केलेस म्हणून उभा राहिला बघ’ असे सांगितले, तर काय जमले हे त्याला कळते.

साधने कमी असावीत. सुरुवातीला फक्त हात. नंतर आइस्क्रीमची काडी, जुना चमचा, कंगवा, दोरा. साचे शेवटी, आणि तेही क्वचित. साच्यातून गणपती एकदम निघतो, पण हाताला फारसे काम मिळत नाही. तीन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे पुरतात, सहा वर्षांचे मूल पाऊण तास रमते. मोबाइल आणि टीव्ही त्या वेळेपुरते दुसऱ्या खोलीत असावेत.

आरोग्याची काळजी

माती स्वच्छ जागेची हवी. रस्त्याकडेची, गटाराजवळची, कुत्र्या-मांजरांचा वावर असलेली किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातली माती मुलांना देऊ नये. मातीतून जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. म्हणून नखे कापलेली असावीत, खेळताना खाऊ नसावा आणि खेळ संपला की साबणाने, नखांखालीही, हात धुवावेत. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी चुकवू नये. हाताला जखम किंवा इसब असेल, तर ते बरे होईपर्यंत थांबावे. दीड ते दोन वर्षे आणि पाच ते सहा वर्षे या वयांतले धनुर्वाताचे बूस्टर डोस झाले आहेत का, तेही पाहावे.

वाळलेल्या मातीची धूळ श्वासात जाऊ नये, कारण तिच्यात सिलिकाचे बारीक कण असतात. सांडलेली माती झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मातीचे हात आधी बादलीत धुवावेत. गाळ खाली बसला की वरचे पाणी झाडांना घालावे. थेट बेसिनमध्ये धुतले, तर पाइप तुंबतो.

रंगवायचे असेल, तर मुलांसाठीचे पाण्याचे रंग किंवा गेरू वापरावा. चुना देऊ नये, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. घरात पडलेल्या जुन्या ऑइल पेंटच्या डब्यांत शिसे असू शकते, तेही टाळावे. मुलाने केलेली कच्ची वाटी शोभेची, तिच्यातून खाणे-पिणे नको. घरच्या कणकेत टिकावी म्हणून मूठभर मीठ घालण्याची रीत आहे. अशी खारट कणीक लहान मुलाने बरीच खाल्ली, तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. तीन वर्षांखालील मुलांना बिनमिठाची ताजी कणीक द्यावी आणि खेळ झाला की टाकून द्यावी. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तांदळाची उकड चालते.

काही खुणा मात्र डॉक्टरांना सांगाव्यात. दोन वर्षांपुढचे मूल महिनाभराहून अधिक काळ माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, तर रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही सवय अनेकदा लोहाच्या कमतरतेसोबत दिसते आणि ती रागावून जात नाही. दीड वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा हात मागे ठेवत असेल, तर ते ‘डावखुरे’ म्हणून सोडून देऊ नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ओल्या, चिकट स्पर्शाने काही मुले घाबरतात. त्यांचे हात जबरदस्तीने मातीत घालू नयेत. माती पिशवीत बंद करून वरून दाबू द्यावी, चमच्याने, काडीने सुरुवात करावी. काही आठवड्यांनीही तेवढाच त्रास होत असेल आणि जेवण, कपडे, आंघोळ यांतही तो दिसत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला उपयोगी पडतो.

घरात सुरुवात करायला एक पाट, एक ओले फडके, झाकणाचा डबा आणि किलोभर माती पुरते. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की पुढच्या रविवारपर्यंत मऊ राहते. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्धा तास हा क्रम दोन-तीन महिने चालू द्यावा आणि तोपर्यंत चार रेघी वहीचा धोशा थोडा कमी करावा. पोळ्याला केलेल्या पहिल्या बैलाची शिंगे मोडतील. दिवाळीतल्या किल्ल्यावर तेच मूल स्वतःच्या हाताने मावळा उभा करेल, तेव्हा बोटांत किती जोर आला आहे ते दिसेल. पेन्सिल त्यानंतरही हातात येणारच आहे, आणि तेव्हा ती धरायला हात तयार असेल.